गंजातून तासाला किती पाणी उडतं?

मागच्या वर्षी मार्चमध्ये नागपूरहून एका ताईंचा फोन आला. "तुमच्या काकवीचं झाकण उघडलं तर फस्सकन फेस वर आला हो. वासही आंबूस येतोय." त्यांचे पैसे परत केले आणि तशीच कोठीत गेले. त्याच खेपेच्या बाटल्या फडताळात होत्या. एकेक झाकण बोटाने दाबून बघितलं, सगळी फुगलेली. अर्ध्या किलोच्या २४ बाटल्यांची ती खेप. ७ बाटल्या विकल्या गेल्या होत्या. त्या सातही घरी फोन केला, उरलेल्या गोठ्यामागच्या उकिरड्यावर रिकाम्या केल्या. सबंध दिवसाचा रस, सबंध दिवसाचा गॅस, आणि नवऱ्याने पहाटे उठून तोडलेला ऊस.

त्या २४ बाटल्यांतच चुकीचा पुरावा होता, पण तो दिसायला मला महिना लागला. ४० किलो रसाची १० किलो काकवी व्हायला हवी, म्हणजे २० बाटल्या. माझ्या २४ भरल्या होत्या. त्या दिवशी तर मला वाटलं होतं की या खेपेला रस चांगला उतरला.

आमचं गाव सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या कालव्याकाठी. कापूस, तूर, थोडा चणा, आणि पाणी आहे म्हणून दीड एकर ऊस. ऊस कारखान्याला न देता घरीच काकवी करायची हे तीन वर्षांपूर्वी ठरवलं. मी लग्नाआधी बी.एस्सी. केलं, विषय रसायनशास्त्र. तेव्हा वाटायचं, त्या प्रयोगशाळेचा आता काय उपयोग. छोटा चरक, ६० लिटरचा स्टीलचा गंज (आमच्याकडे मोठ्या उभट पातेल्याला गंज म्हणतात) आणि एक गॅसची भट्टी, एवढ्यावर सुरुवात केली. ७०-७५ किलो ऊस पिळला की ४० किलो रस निघतो, तेवढीच एक खेप. एका प्रशिक्षणात सांगितलं होतं की रसाचा चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवा. मी वेळूच्या काठीवर खुणा केल्या, रस जिथपर्यंत होता त्याच्या चौथ्या हिश्श्यावर उतरला की भट्टी बंद.

चौथा हिस्सा कशाचा, वजनाचा की मापाचा? हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

रसाचं ब्रिक्स १८ होतं, म्हणजे १०० ग्रॅम रसात विरघळलेला गोडवा आणि क्षार मिळून १८ ग्रॅम. ४० किलो रसात तो ७.२ किलो. पाणी कितीही उडालं तरी हे ७.२ किलो गंजातच राहतात. टिकणारी काकवी ७२ ब्रिक्सच्या आसपास हवी, म्हणजे एकूण वजन १० किलो. वजनाने हा बरोबर चौथा हिस्सा आहे. पण काकवी रसापेक्षा बरीच जड असते. ४० किलो रस ३७ लिटर भरतो, तर १० किलो काकवी साडेसात लिटरही भरत नाही. मापाने बघितलं तर तो पाचवा हिस्सा झाला. मी सव्वानऊ लिटरच्या खुणेवर थांबत होते. तिथे वजन १२ किलोच्या जवळपास आणि ब्रिक्स ६०-६१. एवढ्या पातळ पाकात यीस्ट आरामात जगतं. ६५ च्या खाली भरवसा नाही.

हे मला कळलं ते धाकट्या भावामुळे, आणि तेही बीअरवरून.

आमचा वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा. भाऊ अमेरिकेत पोर्टलंडला राहतो. तिथे घरी बीअर करायला केंद्राच्या कायद्याने १९७८ साली परवानगी मिळाली, पुढच्या वर्षी ती लागू झाली. तो शनिवारी घराच्या मागच्या अंगणात बीअर करतो. गावी आला की त्याबद्दल आत्याबाईंसमोर, म्हणजे माझ्या सासूबाईंसमोर, बोलत नाही, पण मला फोनवर सगळं सांगतो. बाटल्या फुगल्याचं सांगितल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "ताई, तुझ्या गंजाचा बॉइल-ऑफ किती?"

मोड आलेल्या सातूचं गोड पाणी तो तासभर खळाखळा उकळतो. उकळण्याने हॉप्स नावाच्या फुलांचा कडूपणा उतरतो, प्रथिनं गोठून खाली बसतात, आणि उकडलेल्या मक्यासारख्या वासाचं एक गंधकाचं संयुग वाफेबरोबर निघून जातं. म्हणून झाकण लावत नाहीत. झाकण नाही म्हणजे पाणी उडणार, आणि किती उडणार हे आधी माहीत नसेल तर बीअर पातळ होणार नाहीतर जास्त कडक. त्याच्या भांड्यातून तासाला ४ लिटर पाणी जातं. म्हणून तो २७ लिटरवर सुरू करतो, तासाने २३ उरतं, थंड झाल्यावर २२. हे आकडे त्याला पाठ आहेत. मी मात्र दोन वर्षं काकवी करत होते आणि माझ्या गंजातून तासाला किती पाणी जातं हे मला माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर मला स्वतःचा रागच आला. त्याच्या त्या शब्दाला मी आटणी म्हणते. तासाची आटणी.

एप्रिलमध्ये ऊस संपला होता, पण पाणी होतं. दुधाच्या लिटरच्या मापाने २० लिटर पाणी मोजून गंजात ओतलं, प्रत्येक लिटरला काठीवर चाकूने खाच पाडली. गंजाचा तळ सपाट, व्यास ४२ सेंटिमीटर. एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ १.४ लिटर, त्यामुळे खाचा खूप जवळ येतात. काठी सरळ उभी धरावी लागते, जरा कलली की पाव लिटरचा फरक. लेक नववीत आहे, ती घड्याळ आणि वही घेऊन बसली. आत्याबाई ओसरीवरून बघत होत्या.

"काय करून राह्यली वो?"

"पाणी आटवते आत्याबाई."

"पाणी? नुसतं पाणी कायले आटवतं? गॅस का फुकटचा येते?"

मी त्यांना फुगलेल्या बाटल्यांची आठवण दिली. त्या गप्प बसल्या, पण उठून गेल्या नाहीत.

भट्टी पेटवल्यापासून पाऊण तासाच्या आत पाणी खळखळलं, तिथून एक तास. मग ज्योत क्षणभर बारीक करून, पृष्ठभाग शांत झाल्यावर काठी घातली. १५.४. म्हणजे ४.६ लिटर उडालं, असं वहीत लिहिलं आणि भावाला कळवलं. त्याने दोन गोष्टी विचारल्या. सुरुवातीचं माप थंड पाण्याचं होतं ना? आणि शेवटचं उकळत्या पाण्याचं?

पाणी तापलं की फुगतं. खोलीतल्या तापमानापासून उकळीपर्यंत ते साधारण ४ टक्के वाढतं. काठीवर १५.४ दिसलं तरी थंड झाल्यावर ते १४.८ च भरणार. मी थंड माप आणि गरम माप एकमेकांतून वजा केलं होतं, म्हणून आटणी कमी दिसली. शिवाय उकळी येईपर्यंतही थोडं पाणी गेलंच होतं, तेही त्याच तासात धरलं गेलं. एक चूक आकडा कमी करणारी, दुसरी वाढवणारी. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला घनता शिकले होते. ती गंजाच्या बाबतीत वापरायची हे सुचलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. या वेळी उकळी पूर्ण आल्यावर पहिलं माप, २०.५. तासाने दुसरं माप, १५.३. दोन्ही गरम. फरक ५.२, त्याला ०.९६ ने गुणलं की ५.०. खात्रीसाठी वजनही करायचं होतं. आमच्याकडे कापूस वेचणीच्या वेळी संध्याकाळी प्रत्येक बाईचं गाठोडं मोजायला टांगता इलेक्ट्रॉनिक काटा असतो. गंज उतरवला, लगेच घट्ट झाकण लावलं आणि रात्रभर तसाच ठेवला. झाकण फार महत्त्वाचं. विस्तव बंद झाला तरी गरम पाणी वाफ सोडत राहतं, आणि एवढ्या मोठ्या भांड्यातून रात्रीत सहज अर्धा-पाऊण लिटर निघून जाईल. सकाळी नवऱ्याने आणि दिराने गंज काट्याला लावला. गंजाचे ५.५ किलो वजा जाता १४.७ किलो पाणी. काठीचं १५.३ म्हणजे थंड १४.७. काठी आणि काटा एकाच आकड्यावर आले. तो आकडा मी वहीत लाल शाईने लिहून ठेवला आहे.

मग भावाने सांगितलं की १० लिटरवर करून बघ आणि ४० लिटरवरही. मला वाटलं, २० लिटरमधून ५ जातात म्हणजे चौथा हिस्सा, तर ४० मधून १० जातील. नाही. ४० मधूनही पाचच गेले. १० मधूनही पाच. टक्क्यांत बघितलं तर एकीकडे साडेबारा, एकीकडे ५०. त्याच्याकडची घरगुती बीअर करणारी मंडळीही आटणी टक्क्यांत सांगतात आणि नवशिके त्याने फसतात, असं तो म्हणाला. कारण साधं आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला जवळपास २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. भट्टी तासाला जेवढी उष्णता आत घालेल त्या मानाने पाणी उडेल, खाली किती शिल्लक आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. भरलेल्या भांड्याला उकळी यायला वेळ लागतो, पण एकदा आली की तासाला तेवढंच.

हे कळल्यावर माझ्या कामाची मांडणीच बदलली. एका गंजातून ३० किलो पाणी उडवायचं तर ५ च्या हिशोबाने ६ तास. पण तोच रस दोन भट्ट्यांवर दोन गंजांत निम्मा-निम्मा घातला तर तासाला १० किलो उडेल. गॅस एकूण तेवढाच, वेळ अर्धा. काकवीला वेळेची किंमत आहे. रस जितका जास्त वेळ तापतो तितका रंग काळवंडतो आणि साखर फुटून तिची चव बदलते. दुसऱ्या भट्टीचे पैसे तुरीतून निघाले.

मे महिन्यात उन्हाच्या आधी, सकाळी-सकाळी आणखी काही मोजलं. लग्नात भाजीला वापरतात ते पसरट भगोनं आणलं, तोंड ५५ सेंटिमीटर. माझ्या गंजापेक्षा पृष्ठभाग जवळजवळ पावणेदोन पट. सगळ्यांचं म्हणणं असतं की पसरट भांड्यात लवकर आटतं, मीही तेच मानत होते. त्याच भट्टीवर, तेवढ्याच ज्योतीवर भगोन्याने तासाला ५.४ दिले. गंजाचे ५.०. एवढाच फरक, आणि तोही बहुतेक रुंद तळ जास्त ज्योत पकडतो म्हणून. पण ज्योत बारीक करून पाणी ८५ अंशांवर, न उकळता नुसतं वाफाळत ठेवलं, तेव्हा गंजातून १.१ आणि भगोन्यातून १.९. म्हणजे खळखळ उकळीत आटणी ठरवतो विस्तव, आणि उकळीच्या खाली ठरवतो पृष्ठभाग. दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच म्हणीत घालून ठेवल्या आहेत. बासुंदी आटवायला पसरट भांडं घेतात ते बरोबरच आहे, कारण दूध आपण मंद आचेवर ठेवतो.

सगळ्यात जास्त नुकसान वाऱ्याने होत होतं. भट्टी पडवीत उघड्यावर होती. दुपारी वारा सुटला की ज्योत एका बाजूला झुकते, गंजाच्या पोटाला न लागता बाहेर जाते. अशा एका दुपारी आटणी ३.६ भरली. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून भट्टीभोवती आडोसा केला, खाली हवा यायला चार बोटं जागा सोडली, सिलिंडर आडोशाच्या बाहेर लांब ठेवला. पुन्हा ५.०. मागची दोन वर्षं मी "आज रस आटतच नाही" म्हणत कपाळाला हात लावून बसायची, ते दिवस बहुतेक वाऱ्याचे असणार.

गॅसही त्याच काट्यावर मोजला. भट्टी पूर्ण उघडी असताना तासाला ६०० ग्रॅम. ३० किलो पाणी उडवायला ३.६ किलो, रस उकळीला आणायला आणखी ६०० ग्रॅम, म्हणजे १० किलो काकवीमागे सव्वाचार किलोच्या आसपास. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये चार खेपा आणि थोडा गॅस उरतो. भाव ठरवताना आता मी हा आकडा धरते. उकळी येईपर्यंत झाकण ठेवलं तर ती लवकर येते, मात्र रसाचा फेस वर चढायला लागण्याआधी ते काढायलाच हवं.

परंपरेने हे काम चुलांगणावर लोखंडी कढईत होतं. आमच्या घरी मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या काळातली मोठी कढई आहे, पाऊण मीटर तोंडाची. पऱ्हाटी आणि तुऱ्हाटीच्या (कापसाच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर तिचीही आटणी मोजली. एका तासाला १२ किलो आली, दुसऱ्या दिवशी ९, तिसऱ्या दिवशी १३. पऱ्हाटी भुर्रकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, एक माणूस सतत सारत राहिला तरच जाळ टिकतो. लोखंडाने रसही काळा पडतो. गुळाच्या भेलीला ते चालत असेल, माझ्या काकवीच्या गिऱ्हाइकाला सोनेरी रंग हवा असतो. कढई परत माळ्यावर गेली.

डिसेंबरात ऊस तयार झाला. पहिल्या खेपेला मी सगळी तयारी करून बसले होते. रस ४०.२ किलो, ब्रिक्स १८. एकाच गंजात घातला, कारण जुन्या पद्धतीशी तुलना करायची होती. उकळी येईपर्यंत एक तास, या वेळात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालून मळी काढली. मग ६ तासांत संपायला हवं. पाच तासांनी ब्रिक्स ५० वर आलं. इथपर्यंत आकडे घड्याळासारखे बरोबर होते. त्यानंतर हिशोब सुटला. पाक दाट झाला, तळाला लागायची भीती, म्हणून ज्योत निम्म्याहून कमी केली. उरलेले साडेचार किलो पाणी उडायला दोन तास लागले. पाण्यावर काढलेली तासाची आटणी शेवटपर्यंत लावायची नसते, हे कोणी सांगितलं नव्हतं. भावाच्या कामात ही वेळच येत नाही, त्याचा रस शेवटपर्यंत पातळच असतो. आता माझ्या वहीत दोन आकडे आहेत. ५० ब्रिक्सपर्यंत ५.०, पुढे मंद ज्योतीवर २.२.

आणि याच शेवटच्या टप्प्यात सगळं ठरतं. सुरुवातीला ४० किलोतून एक किलो पाणी गेलं तर ब्रिक्स १८ चं साडेअठरा होतं, कोणाच्या लक्षातही येणार नाही. शेवटी गंजात १२ किलो असताना ६०, ११ वर साडेपासष्ट, १० वर ७२, ९ वर ८०. म्हणजे शेवटच्या तीन किलो पाण्यात आंबणारी काकवी, चांगली काकवी आणि खडे धरणारी काकवी, तिन्ही येऊन जातात. ज्योत पूर्ण ठेवली तर एक किलो पाणी १२ मिनिटांत जातं. दारात कोणी आलं, फोन वाजला, तेवढ्यात खेप हातची गेली. ज्योत कमी करण्याचं हे दुसरं कारण, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठं.

थर्मामीटरचीही मदत होते, पण त्याला आधी आपल्या गावची ओळख करून द्यावी लागते. आमच्याकडे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे साधं पाणी ९९ अंशांच्या जरा वर उकळतं, बरोबर १०० वर नाही. ७२ ब्रिक्सचा पाक साध्या पाण्यापेक्षा सुमारे ६ अंश वर उकळतो, म्हणून मी १०५ बघते. उकळत्या साध्या पाण्यात थर्मामीटर दर महिन्याला बुडवून खात्री करते.

जानेवारीपासून पद्धत बसली. सकाळी ७ ला दोन गंज, प्रत्येकी २० किलो रस. अर्ध्या-पाऊण तासात उकळी. दहा-सव्वादहाला दोन्ही गंजांत पाक काठीच्या मधल्या खाचेवर, ४.४ सेंटिमीटरवर येतो. तेव्हा एकातला दुसऱ्यात ओतायचा, कारण इतका कमी पाक मोठ्या तळावर लवकर करपतो. मग एका भट्टीवर मंद दोन तास. शेवटची खाच ५.५ सेंटिमीटरवर, गरम मापाने. तिथे आलं की रेफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबभर पाकावरून ब्रिक्स दाखवणारं उपकरण. मध मोजायला वापरतात तो ५८ ते ९० ब्रिक्सचा घ्यावा लागतो, रसाचा साधा ३२ पर्यंतच जातो. थेंब थंड होऊ द्यायचा, मगच बघायचं.

आत्याबाई गुळाचा पाक डोळ्यांनी ओळखतात. बुडबुडा केवढा, फुटताना आवाज कसा, झाऱ्यावरून धार तुटते की लोंबते. पण त्यांचा डोळा भेलीवर तयार झालेला, काकवी त्यांना नेहमी कच्चीच वाटते. "अजून नाही झालं, राहू दे" असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या, आणि दोन्ही वेळा पाक ७६ च्या वर जाऊन बाटलीत तळाला साखर धरली. त्यांना आकडे वाचता येत नाहीत. एक दिवस त्यांनी स्वतःच काठी मागून घेतली आणि शेवटच्या खाचेला लुगड्याच्या काठाचा लाल दोरा गच्च बांधला. "इथं आलं का उतरवायचं ना?" मी हो म्हटलं. आता काठी त्यांच्याच हातात असते, मी झाऱ्या धरते.

ऊस, ताड, शिंदी, सगळ्यांच्या रसाचं हे असंच आहे. ठेवला तर आंबतो, आटवला तर गोड राहतो. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ सुरू झाला तेव्हा त्या लोकांनी शिंदीच्या नीरेचा गूळ करण्यावर मेहनत घेतली, जेणेकरून झाडही राहावं आणि रस दारूकडे जाऊ नये. मगन संग्रहालयात मी लेकीला घेऊन गेले होते. त्या कामाची आठवण काढली की माझ्या दीड एकराचं मोजमाप मला एकटीचं वाटत नाही.

या हंगामात १९ खेपा झाल्या. आत्याबाईंच्या त्या दोन सोडल्या तर सगळ्यात कमी ब्रिक्स ७०.५, सगळ्यात जास्त ७३. एका डिसेंबरच्या पहाटे सिलिंडर निम्म्याखाली असताना थंडीने ज्योत मंदावली आणि आटणी ४.३ वर आली, आटणीत तेवढा एक अपवाद. त्यानंतर थंडीत मी भरलेला सिलिंडर लावते आणि अर्धा झालेला दुपारच्या कामाला ठेवते. प्रत्येक खेपेतली एक बाटली फडताळात मागे ठेवली आहे, तारीख लिहून. रोज सकाळी देवपूजेनंतर झाकणं दाबून बघते.

आता जुलैची वाट बघतेय. पावसाळ्यात हवा ओली असते तेव्हा पुन्हा २० लिटर पाणी, तोच गंज, तीच भट्टी. माझा अंदाज असा की खळखळ उकळीत काही फरक पडणार नाही, पण ८५ अंशांच्या मंद आचेवर १.१ चा आकडा नक्की खाली येईल. लेकीचा अंदाज वेगळा आहे. तिने तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून पान दुमडून ठेवलं आहे, आणि मोजमाप होईपर्यंत उघडायचं नाही असं मला बजावलं आहे.